लाइन गेली तर?

गोंदियाजवळच्या कामठ्याला धाकट्या भावाने हौसेने छोटं सीएनसी मशीन जोडलंय. पहिलीच ऑर्डर सागवानी देवघराची! आता कंट्रोल सॉफ्टवेअर कुठलं? माक-३ वापरायला सोपं, पण त्याचा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही. लिनक्ससीएनसी फुकट आणि ताकदवान, पण अख्खा पीसी आणि रिअल-टाइम कर्नल हवा. जीआरबीएल साध्या आर्डुइनो उनोवर चालतं.

माझा निकष एकच: कोरताना मध्येच लाइन गेली तर? मशीनला आपण कुठे होतो ते आठवत नाही. जीआरबीएल मात्र जी५४चा शून्यबिंदू ईईप्रॉममध्ये जपून ठेवतं. लिमिट स्विच असले की होमिंग करायचं आणि थोडं मागून पुन्हा सुरू करायचं. फळी वाचते. भावाला म्हटलं, तीन अक्षांना एवढं पुरे. उरलेल्या पैशांत चांगले स्विच घे!