जर्मनच्या टोपातली पोपटी

कोंबडी रांधायला मला शिकवलं ते समोरच्या दारातल्या मावशींनी. नवीन पनवेलमध्ये सिडकोच्या जुन्या इमारतीत त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर. त्या आगरी, याच मातीतल्या. मी मिरजेकडून तळोज्याच्या एमआयडीसीत नोकरीला आलेला. आमचं ना नातं, ना गाव एक, ना जात एक. तरीही माझं घर एका कठीण हिवाळ्यातून धडपणे बाहेर आलं ते त्यांच्यामुळे. हे मी आजवर घरातल्या घरात बोललो, लिहिलं कधीच नाही.

बायकोच्या दुसऱ्या बाळंतपणात गुंतागुंत झाली आणि तिला मुंबईच्या इस्पितळात पडून राहावं लागलं. घरी पाच वर्षांची मुलगी. माझी आई गावी, तिचेच गुडघे धरलेले. पहिली पाळी संपवून मी घरी यायचो, मुलीच्या पोटात काहीतरी घालायचो, डबा भरायचो आणि हार्बरची गाडी धरायचो. पनवेल हे त्या मार्गाचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे निदान बसायला जागा मिळायची. मी इस्पितळात असेपर्यंत मुलगी मावशींकडेच असायची. घरी रोज खिचडी किंवा दूध-पाव. मुलगी तक्रार करत नव्हती, पण जेवताना तिची मान खाली असायची. बायकोला डॉक्टरांनी अंडी, मटण, कोंबडी खा म्हणून सांगितलं होतं. तिथल्या जेवणावर मात्र तिचं मन येत नव्हतं.

मावशींनी हे काही दिवस पाहिलं. मग एका संध्याकाळी त्या जाड बुडाचा जर्मनचा टोप काखेत आणि वालाच्या शेंगांची पिशवी हातात घेऊन सरळ आमच्या स्वयंपाकघरात आल्या. "तू नुसता बघ, बाला," म्हणाल्या. "एक टोप, एक शेगडी. मंग तुजा तू करशील."

रायगडच्या माणसाला पोपटी काय ते सांगावं लागत नाही, पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. भात कापून झालं की त्याच जमिनीत, उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला वेगळं पाणी लागत नाही. थंडीत शेंगा भरल्या की शेतातच पोपटीचा बेत ठरतो. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा. हे रानटी झुडूप पावसाळ्यानंतर बांधावर, पडीक जागेत आपोआप उगवतं. पानं वासाला उग्र. त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला लावलेली कोंबडी, सालासकट अंडी, बटाटे, कांदे, रताळी यांचे थर. वर पुन्हा पाला ठासून तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब मारायचे. चर्र होऊन ते लगेच उडाले की पोपटी झाली. तेल नाही, पाणी नाही. वलसाडकडे गुजरातीत याचंच भावंड उबाडियू नावाने मिळतं. त्यात पापडीच्या शेंगा आणि कंदमुळं असतात, कोंबडी नसते.

मावशींनी हे सगळं आमच्या दोन बर्नरच्या शेगडीवर आणलं.

त्यांनी आधी अर्धा किलो कोंबडीच्या तंगड्यांना सुरीने खोल चिरा दिल्या. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर यांचं वाटण, हळद, लिंबू, मीठ आणि घरून आणलेला आगरी मसाला एकत्र करून तो त्या चिरांत बोटाने भरला. उरलेलं वाटण लहान बटाट्यांना चार काप देऊन आत दाबलं. वांगी भरतो तसेच, देठाकडे जोडलेले ठेवून. तंगड्या केळीच्या पानात गुंडाळल्या. टोपाच्या तळाला चांगला चार बोटं पाला. "हितं कंजूषी केलीस तर करपंल," एवढंच बजावलं. शेंगा धुऊन ओल्याच टाकल्या. वर ओवा आणि मीठ, त्यावर बटाटे, मधोमध कोंबडीच्या पुड्या, कडेने अंडी. पुन्हा पाला. झाकण ठेवून कडेला कणकेची वळी लावली आणि वर पाटा ठेवला. सुरुवातीला पाचेक मिनिटं मोठी आच, मग मंद.

आमच्या भागात कोंबडी म्हटली की रस्सा. पाहुणा वाढला की रस्सा वाढतो, त्यामुळे माझा हात तांब्याकडे गेला. मावशींनी तो तिथेच धरला.

"पानी घालाचा नाय. पाल्यान हाय, शेंगान हाय, कोंबरीन हाय. त्याचा त्याला पुरतं."

यात नुसती परंपरा नाही, हे मला पुढे करता करता उमगलं. कोंबडीच्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. हिरव्या शेंगेत आणि ताज्या पाल्यातही पाणी भरपूर. बंद टोपात ते वाफ होऊन वर जातं, झाकणाला लागून पुन्हा खाली गळतं, आणि या फेऱ्यांत भांबुर्ड्याच्या पानातला सुगंधी अंश सगळ्या थरांत उतरतो. तळाच्या पाल्यामुळे अन्न थेट गरम धातूला लागत नाही. बाहेरचं पाणी घातलं असतं तर शेंगा उकडून पांचट झाल्या असत्या आणि पाल्याचा वास पातळ पडला असता. केळीच्या पानाचं काम वेगळं. कोंबडीचा रस ते खाली सांडू देत नाही.

चाळीसेक मिनिटांनी कणकेची वळी फोडली तेव्हा मुलगी गृहपाठ टाकून स्वयंपाकघरात आली. मावशींनी एक पुडी ताटलीत उघडली, पानात साठलेल्या रसात तांदळाची भाकरी कुस्करली आणि तिला भरवली. मुलगी मान वर करून जेवली. बापाला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

बायकोच्या डब्यात त्यांनी कोंबडी, दोन अंडी आणि भरलेले बटाटे घातले. शेंगा घातल्या नाहीत. वाल वातुळ, पडून असलेल्या बाईला नकोत, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. त्या रात्री इस्पितळात डबा पहिल्यांदा रिकामा झाला. पुढचे आठवडे मी हाच टोप चढवत राहिलो. टोप मंद आचेवर असताना मुलीची वेणी व्हायची, कपडे वाळत पडायचे, इस्पितळाचे कागद लावून व्हायचे. एका माणसाला एका वेळी तीन ठिकाणी उभं राहायचं असेल, तर स्वयंपाक असाच हवा. मार्चच्या सुरुवातीला बायको मुलाला घेऊन घरी आली. दोघंही सुखरूप.

शेतातल्या जाळावरची पोपटी मी नंतर खाल्ली आहे. धुराचा जो खमंगपणा तिथे येतो तो गॅसवर येत नाही, हे खरंच आहे. पण गॅसवरच्या पोपटीला कोणी खोटी म्हटलं तर मला ते मान्य नाही. मावशींनी ती शेगडीवर आणली, कारण जाळ करायला त्यांच्याकडे शेत फारसं उरलं नव्हतं. आणि इथे माझ्या देण्याची दुसरी बाजू सुरू होते.

सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 ची. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन संपादनाखाली आली. भातशेती, मिठागरं, खाडीकाठ. जमिनीला योग्य मोल मिळावं म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के हिस्सा प्रकल्पग्रस्तांना परत मिळू लागला तो त्यानंतर, त्या रक्ताच्या किमतीवर. मावशींचे यजमान त्या मोर्चात होते. मावशी हे सांगायच्या तेव्हा आवाज चढवत नसत. शेंगा सोलता सोलता सांगायच्या आणि सोलतच राहायच्या.

मी राहतो ती इमारत, माझी मुलं शिकली ती शाळा, ज्या रस्त्याने मी कामावर जातो तो रस्ता, हे सगळं कोणाच्या तरी भातखाचरावर उभं आहे. फ्लॅटचे हप्ते मी फेडले, कागद माझ्या नावावर आहेत. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्यातल्याच एका बाईने माझ्या घरी येऊन माझ्या लेकराला जेवू घातलं, तेही त्याच जमिनीच्या उरलेल्या तुकड्यातल्या शेंगांनी. याचा हिशेब कुठल्या कागदावर बसतो?

बायको घरी आल्यावर मी मावशींना एक पाकीट द्यायला गेलो. त्यांनी ते उघडलं नाही. "जेवनाचं पैसं आमी घेत नाय," म्हणाल्या आणि विषय बदलला. साडी मात्र घेतली, तीही बायकोने ओटी भरून दिली म्हणून. टोप परत न्यायलाही त्यांनी नकार दिला. तो अजून आमच्याकडेच आहे.

मावशींच्या जमिनीचा उरलेला तुकडाही पुढे गेला. त्यांचं गाव नवी मुंबई विमानतळाच्या जागेतल्या गावांपैकी. तरघर, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, उलवे ही नावं आता पनवेलकरांना बातम्यांतून ठाऊक आहेत. 18 फेब्रुवारी 2018 ला विमानतळाची पायाभरणी झाली. त्या सुमारास घरं रिकामी होत होती, उलव्याची टेकडी फोडली जात होती, नदीचा प्रवाह वळवला जात होता. मावशींच्या कुटुंबाला नव्या वसाहतीत भूखंड मिळाला, मुलाने त्यावर घर बांधलं आणि त्या समोरच्या दारातून तिकडे राहायला गेल्या. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं. मी विमानतळाच्या विरोधातला माणूस नाही. माझ्या मुलांच्या नोकऱ्या कदाचित तिथेच असतील. पण त्या धावपट्टीखाली वाल पिकत होता, एवढं तरी पनवेलच्या प्रत्येक घरात ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

मावशी आता थकल्या आहेत. हात थरथरतात, डोळ्यांनी कमी दिसतं. थंडीत एखाद्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जातो. शेंगा मी नेतो, पाला मी नेतो, आणि टोप त्यांच्या ओट्यावर मी चढवतो. त्या खुर्चीवर बसून आच मोठी आहे का मंद ते आवाजावरून सांगतात. मुलगी पुण्यात शिकते. तिच्या खोलीवर इंडक्शनची शेगडी आहे आणि भांबुर्डा मिळत नाही, म्हणून ती स्टीलच्या जाड भांड्यात केळीची पानं आणि जरा जास्त ओवा घालून भागवते. बरोबरच्या मुलींना ती या पदार्थाची माहिती देते तेव्हा "आमच्या मावशीआजीची पोपटी" असंच म्हणते. मला ते ऐकून फार बरं वाटतं.

पनवेल आणि पेणच्या पट्ट्यात राहणाऱ्या, बाहेरून आलेल्या माझ्यासारख्या घरांना एक विनंती आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी बाजारात गावातल्या बायका टोपल्यांतून वालाच्या शेंगा आणतात. ठाकर, कातकरी बायका रानातला पाला आणतात. त्यांच्याकडून घ्या आणि भाव करू नका. कॉम्प्लेक्सच्या मागच्या पडीक जागेत भांबुर्डा उगवला असेल तर गवत म्हणून तो उपटायला लावू नका. आणि समोरच्या दारात इथली एखादी मावशी राहत असेल, तर तिच्याकडून ही पोपटी तिच्या हयातीतच शिकून घ्या.