चोविसावा हिस्सा

मोटारगाडीच्या प्रत्येक मापाला चोविसाने भागावे आणि जो भागाकार येईल त्या मापाची गाडी प्लास्टिकमध्ये ओतावी, एवढाच जर प्रतिकृती घडवण्याचा सिद्धांत असता, तर ही कला गणिताच्या वहीतच आटोपली असती, आणि रंगाच्या बाटल्या, चिमटे, कानशी व पॉलिशपेपर असा सारा सरंजाम मेजावर मांडून रात्ररात्र बसण्याचे कोणालाही प्रयोजन उरले नसते. भागाकार चुकत नाही, हे खरे. पण तो कोठे मानावा आणि कोठे डोळ्याचा निवाडा अखेरचा धरावा, हे ठरवण्यातच या छंदाचे सारे मर्म साठवलेले आहे, असे मला अनेक संच जोडल्यानंतर निश्चितपणे वाटू लागले आहे.

उदाहरणासाठी जपानची ‘टोयोटा २०००जीटी’ ही स्पोर्ट्‌स कार घेऊ. कारण जिची प्रतिकृती करण्यात माझे मन सर्वाधिक रमले ती हीच, आणि जिच्याविषयी थोड्या पक्षपाताने लिहिण्याची मुभा मी आरंभीच मागून ठेवतो तीही हीच. १९६५ च्या टोकियो मोटार-प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. पुढील वर्षी यताबे येथील चाचणीमार्गावर तिने सलग ७२ तास ताशी २०६ किलोमीटरांहून अधिक सरासरी वेग राखून विक्रम नोंदवला. आणि १९६७ ते १९७० या अवधीत तिच्या अवघ्या ३३७ गाड्या विक्रीसाठी बाहेर पडल्या. दोन लिटरांचे, सहा सिलिंडरांचे इंजिन पोटात घेऊन पुढे झेपावणारे लांबट बॉनेट, मागे एकाच ओघात उतरत जाणारे छप्पर, आणि पुढच्या चाकांमागे दोन्ही अंगांना बसवलेली ती चौकोनी झाकणे, ज्यांपैकी एकाआड बॅटरी आणि दुसऱ्याआड हवा गाळणारे यंत्र ठेवलेले असे: या गाडीचे रूप एकदा मनात बसले की मागाहून पाहिलेल्या गाड्या नकळत तिच्याशी ताडून पाहिल्या जातात. तिची लांबी ४१७५ मिलिमीटर, रुंदी १६०० आणि उंची अवघी ११६०. चोविसाने भागल्यावर लांबी १७४ मिलिमीटर येते, रुंदी ६७ ला किंचित कमी आणि उंची ४८ च्या आसपास, म्हणजे सबंध गाडी तळहातावर सुखाने विसावते. वजनाचा हिशेब अधिक मौजेचा आहे. लांबी चोविसाने घटली म्हणजे घनफळ १३,८२४ पटींनी घटते; मूळ गाडीचे सुमारे ११२० किलो धरले, तर तिच्या चोविसाव्या हिश्श्याच्या प्रतिकृतीचे न्याय्य वजन ८१ ग्रॅम भरते.

येथपर्यंत अंकगणित इमानाने सोबत करते. परंतु रंगाची बाटली उघडली की त्याची हद्द संपते. खऱ्या गाडीच्या पत्र्यावर अस्तर, रंग व वरचा पारदर्शक लेप मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचे आवरण असते. त्याचा चोविसावा हिस्सा म्हणजे चार मायक्रॉन, आणि इतका तलम लेप हवेच्या दाबावर चालणाऱ्या उत्तमोत्तम फवारणीनेही माणसाच्या हातून चढत नाही. प्रतिकृतीवरचा लेपही सहजगत्या त्याच दशांश मिलिमीटरात जातो, म्हणजे मापाच्या न्यायाने त्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीचा थर चढलेला असतो. मग दाराच्या कडा बोथट होतात, नावाची अक्षरे बुडून जातात, बॉनेट आणि अंग यांमधली फट बुजून तेथे नुसती रंगाची नाली उरते. रुपेरी रंगाची तर आणखीच अडचण. त्यातले धातूचे कण चोविसपट मोठे करून पाहिले तर तांदळाच्या कणीएवढे भरतात, आणि असल्या कणांनी मढवलेली मोटार कोणत्याही रस्त्यावर कधी धावलेली नाही. म्हणून प्रतिकृतीसाठी मुद्दाम दळलेली अतिसूक्ष्म धातूची पूड असलेला रंग निवडावा लागतो, आणि तो रंगही एका दमात न देता धुक्यासारखा, थर वाळू देत देत द्यावा लागतो.

या बुजणाऱ्या फटींवरचा इलाज रंगकामाच्या आधीच करावा लागतो. पोलादी टोकाचे एक आकडेवजा हत्यार असते. त्याचे टोक दाराच्या रेषेत टेकवून, जवळजवळ वजन न देता, ते आपल्याकडे ओढावयाचे. पहिल्या खेपेस नुसता ओरखडा उठतो. मग पुन्हा पुन्हा त्याच वाटेने हत्यार फिरत गेले की रेषेतून प्लास्टिकचा केसासारखा वळसेदार तंतू निघू लागतो, आणि तो अखंड निघाला की हात सरळ चालला आहे याची खातरजमा होते. वळणाशी मात्र थांबावे, आणि उरलेला भाग उलट बाजूने कोपऱ्याकडे आणावा. वळणावर घसरलेले टोक थेट दाराच्या मधोमध जखम करून जाते. मूळ गाडीत ही फट चार मिलिमीटरांची धरली, तर येथे ती मिलिमीटराचा सहावा भाग असावयास हवी. रेषा रुंद न करता खोल करावयाची आहे, याचे भान क्षणभरही सुटू देता कामा नये. कारण फट जितकी खोल तितकी तिच्यातली सावली गडद, आणि दूरवरून पाहणाऱ्याला फटीची ओळख पटते ती त्या सावलीवरूनच.

असेच दुसरे काम साच्याच्या सांध्याचे. गाडीचे अंग अनेक तुकड्यांच्या पोलादी साच्यात ओतले जाते, आणि ते तुकडे जेथे एकमेकांस भिडतात तेथे प्लास्टिकवर एक बारीक शिवण उमटते. ही शिवण बहुधा मडगार्डाच्या माथ्यावरून जाते, म्हणजे जेथे गाडीचे लावण्य सर्वाधिक एकवटलेले असते नेमके तेथूनच. खोलगट जागी थोडी लांबी भरून, ती वाळली की आठशेच्या, मग हजाराच्या, मग दोन हजारांच्या पाणपेपराने ती शिवण घोटून नाहीशी करावयाची. पेपर बोटाच्या उशीवर वळवून धरावा, ठोकळ्यावर नव्हे; ठोकळा वळणाला सपाट करतो. या घोटण्याच्या तासाभरात २०००जीटीच्या पुढच्या मडगार्डाचा उंचवटा कोठे सुरू होतो, कोठे कळसाला पोहोचतो आणि दाराशी येताना कसा निवत जातो, हे बोटांना असे समजते, की शेकडो छायाचित्रे चाळून डोळ्यांना ते तितके समजले नसते. मला या छंदात काय मिळाले, असे कोणी विचारलेच, तर मी सर्वांत प्रथम या तासाचे नाव घेईन.

डोळ्याच्या निवाड्याची गोष्ट वर काढली, तिचाही थोडा विस्तार करावयास हवा. मेजावरची प्रतिकृती आपण साधारण तीस सेंटिमीटर अंतरावरून पाहतो, म्हणजे मापाच्या हिशेबाने खरी गाडी सात मीटरांहून थोड्या अधिक अंतरावरून पाहिल्यासारखे होते. आणि मान खाली घालून पाहत असल्यामुळे ही दृष्टी रस्त्यावरच्या पादचाऱ्याची राहत नाही, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली वाकून बघणाऱ्या माणसाची होते. सात मीटरांवरून मोटारीचा शुभ्र रंगही इतका शुभ्र दिसत नाही, उन्हाने व मधल्या हवेने तो किंचित मवाळ झालेला असतो. म्हणून पुष्कळ जाणते कारागीर पांढऱ्यात करड्याचा एखादा थेंब मिसळतात. यावर मतभेद आहेत. मूळ कारखान्याच्या रंगपट्टीशी जुळणारा रंग तोच खरा, असा आग्रह धरणाऱ्यांची निष्ठा मला आदरणीय वाटते, पण मी थेंब मिसळणाऱ्यांच्या पक्षाचा आहे. आणि गाडी पुरी झाली की तिच्याकडे वरून पाहण्यात समाधान मानू नये. डोळा मेजापासून सहा सेंटिमीटरांवर, म्हणजे दीड मीटर उंचीवरून पाहणाऱ्या माणसाच्या पातळीवर आणावा. त्या पातळीवरून चाके कमानीत किती आत आहेत, पुढची बाजू अवाजवी उचललेली तर नाही ना, हे तात्काळ उमगते. चाकांची बैठक अर्ध्या मिलिमीटराने चुकली, तर ती रस्त्यावर बारा मिलिमीटरांची चूक होते, आणि तेवढ्याने धावणाऱ्या गाडीचे ढंग जाऊन ती उभी करून ठेवलेली गाडी भासू लागते.

या साऱ्या व्यवहाराची राजधानी जपानातील शिझुओका प्रांतात आहे. तामिया, आओशिमा व फुजिमी या कंपन्या शिझुओका शहरातल्या, आणि हासेगावा तेथून जवळच्या याइझूची. लाकूडकामाची परंपरा त्या मुलखात जुनी. तामियाचा आरंभ १९४६ साली लाकडाच्या वखारीपासून झाला, आणि १९४१ साली स्थापन झालेली हासेगावा प्रथम लाकडी शैक्षणिक प्रतिकृती घडवीत असे. प्लास्टिकचे युग आल्यावर, १९६० च्या सुमारास, तामियाने ‘यामातो’ या युद्धनौकेचा संच काढून नव्या वाटेला पाऊल टाकले. पोर्शे ९३४ चा एक-द्वादशांश मापाचा संच १९७६ साली काढण्यापूर्वी शुनसाकु तामिया यांनी पोर्शे ९११ ही खरी गाडी विकत घेतली आणि तिचे सुटे भाग करवून मापे घेतली, ही हकीकत या छंदातल्या माणसांच्या तोंडी सर्वत्र असते. एका खेळण्याच्या संचासाठी एवढी तसदी का घ्यावी, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. ज्याने एकदा तरी बॉनेटखालची नळी कोठून कोठे जाते हे शोधण्यासाठी छायाचित्रांचे बाड उपसले आहे, त्याला तसे वाटणार नाही.

आपल्याकडे मुंबईत वा कोकणपट्टीत हे काम करणाऱ्याला आणखी एका हुकमाचे पालन करावे लागते, आणि तो हुकूम हवेचा असतो. लॅकरचा फवारा उडत असताना त्यातील द्रावक झपाट्याने बाष्प होतो, पृष्ठभाग थंडावतो, आणि पावसाळी हवेतली वाफ त्या ओल्या लेपावर जमून काळ्या वा लाल रंगावर पांढुरकी झाक आणते. म्हणून आषाढ-श्रावणात कुंचल्याचे काम उरकावे: आसने, गालिचा, सायलेन्सर, चाकांच्या गाभ्यातले बारकावे. अंगाचा रंग मार्गशीर्षातल्या कोरड्या सकाळीच द्यावा.

बारकाव्यांविषयी बोलायचे, तर तेथे भागाकार पुन्हा मित्र होतो. आसनाचा दोन इंच रुंदीचा पट्टा येथे दोन मिलिमीटरांहून थोडा रुंद येतो, आणि तो पातळ कागदाचा वा फितीचा करून त्यावर आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यातले बक्कल चिमट्याने ओवता येते. स्पार्क प्लगकडे जाणाऱ्या सात मिलिमीटर जाडीच्या तारेला ०.३ मिलिमीटरचा धागा लागतो, आणि विजेच्या लवचीक तारेचे आवरण सोलले की साधारण याच जाडीचे तांब्याचे तंतू हाती येतात. सहा तारा, आणि त्यांचा वितरकापाशी लागणारा क्रम एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. सहा सिलिंडरांच्या सरळ इंजिनांचा हा शिरस्ता. बॉनेट मिटल्यावर हे कोणाला दिसणार, असा प्रश्न स्नेही विचारतात. प्रतिकृती हा माझ्या लेखी मूळ गाडीचा दस्तऐवज आहे. मूळच्या अवघ्या ३३७ असलेल्या वस्तूचा दस्तऐवज करताना काही पाने कोरी ठेवण्याची तजवीज मला मान्य होत नाही.

२०००जीटीच्या बाबतीत माझा सर्वाधिक वेळ मात्र जातो तो दर्शनी फलकावर. ही गाडी टोयोटाच्या नावाने निघाली, तरी ती जोडली गेली यामाहाच्या इवाता येथील कारखान्यात, म्हणजे त्याच शिझुओका प्रांतात, आणि तिच्या आतल्या लाकडी फलकासाठी पियानो घडवणाऱ्या यामाहाच्या कारागिरीचा उपयोग झाला. वखारीतून आणि लाकडी प्रतिकृतींतून वर आलेल्या त्या प्रांतात, पियानोचे लाकूड मिरवणारी मोटार, आणि त्याच प्रांतातल्या हासेगावाने ओतलेला तिचा प्लास्टिकचा संच: हा योग मनात आला की त्या जेमतेम दोन इंची फलकावर कितीही श्रम केले तरी ते अपुरेच वाटतात. खऱ्या लाकडाचा पापुद्रा चिकटवून भागत नाही; त्याची छिद्रे आणि नसा चोविसपट जाड दिसतात आणि गाडीत ओबडधोबड फळी ठोकल्यासारखी वाटते. लाकूड रंगवावेच लागते. प्रथम गेरूकडे झुकणारा पिवळा हात द्यावा. तो पुरता वाळला की पातळ तपकिरी रंगात सर्वांत बारीक कुंचला बुडवून, कागदावर टिपून, आडव्या, किंचित डुलत्या रेषा ओढाव्यात, कोठे दाट, कोठे विरळ. त्या रेषा मापकांच्या भोकांशी आणून थांबवू नयेत, आणि भोकांना वळसाही घालू नये. सुताराने फळी आधी निवडलेली असते आणि भोके नंतर पाडलेली असतात, तेव्हा भोकाच्या डावीकडे शिरलेली नस उजवीकडे त्याच उंचीवर बाहेर पडली पाहिजे. त्यावर पारदर्शक नारिंगीचा एक पातळ हात, मग चकाकीचा लेप, आणि मापके बसवण्यापूर्वी दोन दिवसांची वाळवण.