दुसऱ्यांच्या संसाराची चर्चा

गणेशचतुर्थीस आमच्या रेवदंड्याच्या घरीं मुंबई-पुण्याकडील मंडळी जमलीं होतीं. मोदकांचें जेवण आटोपून आम्ही ओटीवर सुपारी कातरीत बसलों होतों, तों माजघरांतून वाद ऐकूं येऊं लागला. “तिनें त्याला सरळ सोडून द्यावें,” असें एकीचें म्हणणें. तर “तो वाईट नाहीं, त्याला मनांतलें बोलतां येत नाहीं इतकेंच,” असें दुसरीचें. कोणाच्या संसारावर संकट आलें, या काळजीनें आम्ही आंत गेलों. पाहतों तों आमच्या तिघी पुतण्या एका मोबाईलभोवतीं बसलेल्या, आणि वाद चाललेला एका चित्रकथेंतील नायक-नायिकांविषयीं!

ही चित्रकथा म्हणजे ‘लोर ऑलिंपस’. रेचेल स्माइथ या न्यूझीलंडच्या चित्रकर्त्रीची ही कथा २०१८ पासून २०२४ पर्यंत इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचें मूळ प्राचीन ग्रीक पुराणांत आहे. पाताळाचा राजा हेडीस यानें पर्सेफनीला पळवून नेलें. तिचा बाप ज्यूस यानें त्यास परस्पर संमति दिलेली होती. आई डिमीटर हिला कोणी विचारलें नाहीं, आणि मुलीला तर नाहींच नाहीं. पाताळांत डाळिंबाचा दाणा खाल्ल्यामुळें तिला वर्षाचा कांहीं काळ तेथेंच राहणें भाग पडलें. चित्रकथेंत याच दोघांची प्रेमकथा आजच्या तरुण-तरुणींच्या रीतीनें रंगविली आहे. नायिका अवघी एकोणीस वर्षांची, नायक वयानें व सत्तेनें फार मोठा. म्हणून वाचकांत दोन तट पडतात.

आम्ही हंसून म्हणालों, “अगं, जीं माणसें कधीं जन्मालींच नाहींत, त्यांच्या संसाराची तुम्हांला एवढी चिंता कशाला?”

कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या आमच्या थोरल्या वहिनी मान वर न करतांच म्हणाल्या, “भावोजी, मी या घरांत आलें तेव्हां सासूबाई दुपारीं आम्हांला ‘पण लक्षांत कोण घेतो?’ वाचून दाखवीत. दुर्गीच्या नवऱ्याला आम्ही सगळ्याजणी काय काय बोलत असूं! आपल्या घरांतलें बोलण्याची सोय कोठें होती? दुर्गीचें नांव पुढें केलें कीं आपलें थोडें बोलून होई.”

आम्ही निरुत्तर झालों. हरि नारायण आपटे यांनीं १८९० मध्यें सुरू केलेल्या ‘करमणूक’ पत्रांत ती कादंबरी प्रथम क्रमशः आली. ती आम्हींही तरुणपणीं वाचली होती. परंतु आमच्याच माजघरांत तिचा असा उपयोग होत असे, हें इतक्या वर्षांत आमच्या गांवींही नव्हतें.

मग मुलींचें बोलणें आम्ही लक्ष देऊन ऐकूं लागलों. धाकट्या बंधूंची कन्या म्हणत होती, “तो तिच्यावर जीव टाकतो, कबूल. पण तिच्यासाठीं सगळें तोच ठरवतो. तिला विचारतो कधीं?” हें बोलतांना तिचा कंठ दाटून आला. तिचा विवाह मार्गशीर्षांत ठरलेला होता.

सायंकाळीं वाडींत माडांना पाणी लावतांना आम्हीं तिला हळूच विचारलें, “बाळ, दुपारीं तूं पर्सेफनीविषयीं बोललीस कीं स्वतःविषयीं?” ती कांहीं बोलली नाहीं, तिचे डोळे मात्र भरून आले. विवाहानंतर तिनें पुण्यांतील नोकरी सोडून बंगळूरास जावें, असें दोन्ही घरच्यांनीं ठरविलें होतें. ती बैठक आमच्याच ओटीवर झाली होती. आम्ही तींत वडीलकीच्या नात्यानें होतों, आणि मान डोलावणारांत आम्ही पहिले होतों. ज्यूसला नांवें ठेवणें सोपें होतें!

रात्रीं आम्हीं बंधूंशीं बोलणें केलें. दुसरे दिवशीं मुलीनें स्वतः नवऱ्या मुलास फोन केला. तो बिचारा म्हणाला, “तुझी संमति आहे, असेंच मला घरीं सांगितलें होतें.” आतां नोकरीचा निर्णय तीं दोघें मिळून करीत आहेत. तो काय होईल तें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि तें आम्हीं ठरवावयाचेंही नाहीं.

आपल्याही घरीं मुली कोणा कल्पित जोडप्यावरून भांडत असतील, तर वाचकांनीं त्यांना हंसूं नये. सुपारी कातरणें क्षणभर थांबवून ऐकावें. हरिभाऊंनीं आपल्या कादंबरीच्या नांवांतच जो प्रश्न विचारून ठेवला आहे, तो आम्हां वडील मंडळींनाच आहे.