देवदूताची भूमिका

गेल्या नाताळात कुटुंबप्रार्थना आटोपल्यावर माझ्या भाचीने आपला निश्चय बोलून दाखविला. तिला अभिनयाचे शिक्षण घ्यायचे होते. घरात क्षणभर शांतता पसरली. माझ्या आईने हातातील जपमाळ तशीच धरून विचारले, "त्या दुनियेत गेलेल्या मुलीचा देवाशी संबंध उरतो का रे?" प्रश्न आईचा असला तरी भय आम्हा सर्वांचेच होते. उत्तरादाखल मी रोमा डाउनी या अभिनेत्रीची हकिकत सांगितली.

रोमाचा जन्म १९६० साली उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरी, एका कॅथॉलिक कुटुंबात झाला. वडील शिक्षक, आई घर सांभाळणारी. रोमा अवघी दहा वर्षांची असताना आई हृदयविकाराने एकाएकी गेली. त्या काळी शहरही होरपळत होते. ३० जानेवारी १९७२ रोजी कॅथॉलिकांच्या बॉगसाइड वस्तीत ब्रिटिश सैनिकांनी मोर्चेकऱ्यांवर गोळीबार केला आणि त्या एका दिवशी १३ जण प्राणास मुकले. रोमाचे बालपण याच वस्तीत गेले. पुढे ऐन विशीत पितृछत्रही हरपले.

आधी ब्रायटन येथे चित्रकला, मग लंडनला नाट्यशिक्षण आणि त्यानंतर अमेरिकेची रंगभूमी, असा तिचा प्रवास झाला. १९९१ साली एका दूरदर्शन मालिकेत तिने जॅकलिन केनेडींची भूमिका केली व तिचे नाव झाले. १९९४ साली 'टच्ड बाय ॲन एंजल' ही मालिका सुरू झाली. तीत रोमा मोनिका नावाची देवदूत झाली. प्रारंभी मालिकेला प्रेक्षक बेताचेच होते, ती बंद पडण्याच्या बेतात होती. तरीही ती तगली आणि २००३ पर्यंत तिचे २११ भाग झाले. खचलेल्या माणसासमोर उभे राहून 'देवाचे तुझ्यावर प्रेम आहे' असे सांगणे, हे मोनिकाचे काम. जिला बालपणी आईवाचून राहावे लागले, तिच्याच मुखी हे सांत्वन आले.

ज्येष्ठ देवदूत टेसची भूमिका करणारी गायिका डेला रीस प्रत्यक्षातही धर्मोपदेशिका होती. रोमाला तिच्यात आई सापडली. २००२ साली डेलाची मुलगी वारली, तेव्हा हीच मानलेली लेक तिच्याजवळ होती. पुढे २०१३ साली 'द बायबल' या मालिकेची निर्मिती रोमाने पतीसमवेत केली आणि तीत पुत्रशोकाने व्याकूळ पवित्र मरियेची भूमिकाही केली.

देवदूताची भूमिका केल्याने कोणी देवदूत होत नाही, हे मी भाचीला बजावले. या व्यवसायात मोह आहेत, उपेक्षाही आहे. मात्र आपले दुःख दुसऱ्याच्या सांत्वनासाठी वापरण्याची संधीही तेथे मिळू शकते. आपण आपल्या मुलींना त्या दारातच अडवतो आणि मग पडद्यावर श्रद्धा दिसत नाही म्हणून कुरकुरतो.

आईने यावर काहीच उत्तर दिले नाही. जूनमध्ये भाचीला नाट्यशाळेत प्रवेश मिळाला. त्या रात्री जपमाळेच्या प्रार्थनेपूर्वी आईने नेहमीचे हेतू सांगितले, थोडी थांबली आणि नातीचे नाव घेऊन आणखी एक हेतू जोडला.