भिंतीतले कपाट

एखादे माणूस घरात राहावयास आले आहे की चार दिवसांसाठी उतरले आहे, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. त्याचे कपडे कोठे आहेत ते पाहावे. पेटीत असतील तर ते पाहुणे. कपाटात असतील तर ते घरचे. आमच्या घरातील एका रिकाम्या खोलीत भिंतीतले कपाट करावयाचे निघाले, त्या निमित्ताने ही खूण माझ्या ध्यानी आली. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी अशी एखादी खोली असेल व असे एखादे माणूसही असेल. म्हणून ही हकीकत सांगतो.

आमचे मूळ घर खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आहे. थोरले बंधू, वहिनी व त्यांचा मुलगा तेथे राहतात. माझे धर्मग्राम फार लांब नसल्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी माझी तेथे फेरी होते. माजघराला लागून एक खोली आहे. वडील निवर्तल्यापासून ती रिकामी म्हणावयाची, इतकेच. वस्तुतः भाताची पोती, नाताळच्या गोठ्याचे सामान आणि मोडकी आरामखुर्ची यांनी ती भरलेली असे. आमची आक्का वडोदऱ्यास दिलेली. तिचे यजमान तेथील एका कारखान्यात नोकरीस होते. ते वारल्यावर, मूलबाळ नसल्याने, दादा तिला घरी घेऊन आला. दोन पेट्या घेऊन ती त्या खोलीत उतरली.

उतरली हाच शब्द खरा. अकरा महिने झाले तरी पेट्या खाटेखालून हलल्या नाहीत. रोज सकाळी ती पेटी ओढी, लुगडे काढी आणि पेटीला पुन्हा कुलूप लावी. धुतलेले कपडे वलणीवर पडून राहू नयेत याची तिला धास्ती. ज्या स्वयंपाकघरात ती लहानाची मोठी झाली, तेथे ती वहिनीला विचारी, “हा डबा घेऊ का?” घरात तिला कोणी उणा शब्द बोलले नव्हते. तथापि जे माणूस प्रत्येक वस्तू विचारून घेते, ते मनाने अजून उंबऱ्याबाहेरच उभे असते.

आक्काच्या कपड्यांची काही सोय करावी असे प्रथम दादाच म्हणाला. तालुक्याच्या गावाहून एक लोखंडी कपाट आणावे, असा त्याचा विचार होता. “भिंतीला हात कशाला लावायचा?” तो म्हणाला. “उद्या पोराचं लग्न ठरलं तर हीच खोली लागेल. लोखंडी कपाट हलवता तरी येतं.”

वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “हलवता येतं म्हणूनच नको.”

दादा गप्प झाला. मीही काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखे सारे त्या चार शब्दांत आले होते. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर मुलगा व मुलगी यांना तो सारखाच वाटा देतो. आक्काने वाटा कधी मागितला नाही व मागणारही नाही. परंतु कायदा वाटा देऊ शकतो. घरात जागा घरच्यांनीच द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्वतःच सुताराला बोलावून घेऊन आला. मुलाच्या लग्नाच्या वेळी पडवी बंद करून खोली काढू, असे त्याने रात्रीत ठरविले होते.

पूर्वी घर बांधतानाच जाड भिंतीत फडताळ ठेवीत. उभ्या भिंतीत नंतर जागा करणे हे मात्र जपून करावयाचे काम आहे. छपराचा भार ज्या भिंतीवर आहे ती वर तुळई दिल्यावाचून फोडू नये. कोपऱ्याजवळ तर मुळीच फोडू नये. पावसाच्या माऱ्याची पश्चिमेची भिंतही आमच्या भागात कपाटाला वर्ज्य. चार महिने तिच्यात ओल राहते व कपड्यांना बुरशी येते. आमचे काम सोपे झाले, कारण त्या खोलीतून माजघरात उघडणारा एक जुना दरवाजा वापरात नव्हता आणि त्यावर तुळई मुळातच होती. माजघराच्या बाजूने चार इंची विटांचे बांधकाम करून तो बुजविला. भिंत दीड फूट जाड. आत चौदा इंच खोल जागा उरली. कपडे टांगावयाचे तर सुमारे दोन फूट खोली लागते. म्हणून चौकट दहा इंच खोलीच्या आत पुढे घेतली.

नवे बांधकाम ओले असताना लाकूड लावू नये, म्हणून महिनाभर थांबलो. चौकट सागवानी केली. फळ्यांसाठी सहा सुती प्लायवूड घेतले. त्यावर भारतीय मानक ब्युरोचा ७१० हा क्रमांक पाहून घ्यावा, असे सुताराने बजावले. ३०३ क्रमांकाचे सर्वसाधारण कामाचे असते, ७१० चे पाण्याला अधिक टिकते. तळाला चार इंच उंचीचा दगडी ओटा केला, म्हणजे जमिनीची ओल व वाळवी थेट लाकडाला भिडत नाही. फळ्या आणि मागची भिंत यांत बोटभर फट ठेवली व दारांना वरखाली जाळी दिली, म्हणजे आत हवा खेळते. दोन दारांमध्ये सूतभर अंतर ठेवले, कारण फाल्गुनात नेमके बसलेले दार आषाढात फुगून अडकते.

मापे घेण्याच्या दिवशी मी तेथे होतो. सुताराने विचारले, “कपाट वापरणार कोण?” दादाने आक्काकडे बोट दाखविले. तेव्हा तो म्हणाला, “आक्का, हितं जरा उभं ऱ्हावा, आनि हात वर करा.” आक्का संकोचली, पण भिंतीला पाठ लावून उभी राहिली व तिने हात वर केला. जेथे तिची बोटे पोहोचली तेथे त्याने पेन्सिलीने रेघ ओढली. सगळ्यांत वरची फळी त्या रेघेच्या खाली आली. त्या घरात माझी आक्का जन्मली. परंतु त्या भिंतीवर तिच्या मापाची रेघ त्या दिवशी प्रथमच उमटली.

राजांच्या दुसऱ्या ग्रंथात शूनेमच्या बाईची कथा आहे. अलीशा संदेष्टा येता-जाता त्यांच्याकडे जेवावयास थांबे, म्हणून तिने नवऱ्याला सांगून माडीवर त्याच्यासाठी खोली बांधविली व तीत पलंग, मेज, खुर्ची आणि दिवा ठेवला. त्या यादीत कपाट नाही. त्याचे कारण उघड आहे. जाणाऱ्याला या चार वस्तू पुरतात. राहणाऱ्याला पाचवी लागते. आपण पाहुण्यांचा सत्कार उत्तम करतो. राहावयास आलेल्याचाही आपण पाहुण्यासारखाच सत्कार करीत राहतो, तेव्हा मात्र नकळत त्याला परतीची वाट दाखवीत असतो.

कपाट पुरे झाल्यावरही आठ-दहा दिवस पेट्या खाटेखालीच होत्या, असे वहिनींनी मला सांगितले. मग एका शनिवारी दुपारी आक्काने दार लावून घेतले व संध्याकाळी पुतण्याला हाक मारून दोन्ही पेट्या माळ्यावर ठेवावयास सांगितल्या. त्या रिकाम्या होत्या. पुढच्या फेरीला मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात वहिनीवर रागावत होती: मिठाची बरणी जागच्या जागी का ठेवीत नाहीस म्हणून. वहिनी हसत होत्या.

माझ्या धर्मग्रामात असे काही वृद्ध आईबाप आहेत, जे दोन महिने थोरल्याकडे व दोन महिने धाकट्याकडे असतात. महिना भरत आला की ते आपली पिशवी आवरू लागतात. मुले त्यांना जेवू घालतात, औषध देतात. कोठेही हयगय नाही. अशा प्रत्येक घरी भिंत फोडणे शक्य नसते व त्याची गरजही नाही. आहे त्या कपाटातील एक फळी मोकळी करावी, ती त्यांच्या हाताच्या उंचीवरची असावी, आणि ते धाकट्याकडे असतील त्या दोन महिन्यांतही तिच्यावर दुसऱ्या कोणाचे कपडे ठेवू नयेत.