संपादक बदलताना

मासिकाचा संपादक बदलायचा म्हटले, की केवढी खळबळ उडते! लेखक धास्तावतात, वर्गणीदार कुरकुरतात. माझ्या संगणकातला संपादक मात्र एका ओळीच्या हुकुमाने बदलतो. आणि तरीही त्यापायी आमच्या घरात दोन दिवस वाद चालला, हे सांगून तुम्हांला खरे वाटायचे नाही.

हा संपादक म्हणजे मजकूर लिहिण्या-खोडण्याचा प्रोग्रॅम. आमच्याकडे डेबियन जातीची लिनक्स आहे आणि काळ्या पडद्यावर हुकूम टंकायची माझी जुनी सवय. 'गिट'सारख्या एखाद्या प्रोग्रॅमला आपल्याकडून चार ओळी लिहून हव्या असल्या, की तो नेमलेल्या संपादकाला हाक मारतो. त्या जागेवर मी 'व्हीआय'ला बसवले होते. बिल जॉय यांनी १९७६ साली बर्कलीत रचलेला हा गृहस्थ मोठा करारी. आधी 'आय'ची कळ दाबून परवानगी घ्या, मग लिहा. लिहून झाले, की 'एस्केप' दाबा. बाहेर पडायला पुन्हा निराळा हुकूम. पण बोटांना एकदा वळण लागले, की असा चपळ कारकून शोधून सापडायचा नाही.

शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आलेली भाची त्याच्यापुढे अडकली. बाहेर पडायची वाटच तिला सापडेना.

"मामा, इथे 'नॅनो' का नाही ठेवत?"

नॅनो साधा, सरळ. कोणती कळ कशासाठी, हे तो पडद्याच्या तळाशी लिहूनच ठेवतो.

"आम्ही शिकलोच ना व्हीआय? तूही शीक!"

दोन दिवस हेच चालले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मी या घरात आले तेव्हा मिठाची बरणी सगळ्यांत वरच्या फळीवर असायची. सासूबाई उंच होत्या, त्यांना ते सोयीचं होतं. मी वर्षभर मीठ मागून घेत होते."

वाद तिथेच मिटला. 'अपडेट-अल्टरनेटिव्ज' या हुकुमाकडे 'एडिटर'ची चौकशी केली, की तो उमेदवारांची क्रमवार यादी पुढे ठेवतो. मी नॅनोचा आकडा दिला. साऱ्या घराचा संपादक बदलला. मग माझ्या एकट्याच्या खात्यातल्या '.बॅशआरसी' या फायलीत, 'माझा एडिटर व्हीआय' अशा अर्थाची एक ओळ घातली. माझ्यापुरते करारी गृहस्थ कायम! 'फेडोरा' या लिनक्सनेही २०२० साली आपल्या ३३ व्या आवृत्तीत व्हीआयच्या जागी नॅनोलाच नेमले.

मला यातले शहाणपण आवडते. जुन्या माणसाला आपली सोय करून घेण्याची वाट ठाऊक असते. नव्याला ती वाट आहे, हेही ठाऊक नसते. म्हणून घराची मांडणी नव्या माणसाला बेतून असावी आणि जुन्याने आपला कोपरा आपल्या हाताने लावून घ्यावा.

यंदाच्या दिवाळीत कुणाकडे नवी सून आली असेल, कुणाकडे शिकायला एखादा पुतण्या. फराळाला बसण्यापूर्वी बरण्या कुठल्या फळीवर आहेत, तेवढे एकदा पाहून घ्या.