पाटी काढली, तरी बिऱ्हाड आतच

इंदिरा नगर, लखनौ

ती. ताईस,


काल फोनवर तू म्हणालीस की भावोजींचा जुना कॉम्प्युटर रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकते, कोपरा तरी मोकळा होईल. तेवढ्यात माझ्याकडे पाहुणे आले आणि बोलायचं राहून गेलं. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. ताई, रविवारी तो देऊ नकोस.

तुला ठाऊक आहे, निवृत्तीनंतर हे कॉलनीतल्या लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरून देत. इथे एचएएलचा कारखाना जवळ, त्यामुळे पेन्शनर मंडळी पुष्कळ. ह्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. उन्हाळ्यात दशहरी आंब्यांची पेटी तेवढी दारात यायची. ह्यांच्यामागे दोन वर्षं तो कॉम्प्युटर झाकून ठेवला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे सुरक्षा अपडेट थांबले, आणि विंडोज ११ काही त्या जुन्या मशीनवर चढेना. मग मीही तुझ्यासारखंच ठरवलं. सगळ्या फाइल्स डिलीट केल्या, रीसायकल बिन रिकामा केला आणि गल्लीतल्या कबाडीवाल्याला हाक मारली. त्याने सीपीयूचा डबा हातावर तोलून भावही सांगितला.

शेजारचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, "आंटीजी, ज़रा रुकिए." त्याने फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर लावलं. तासाभरात मी पुसलेलं एकेक परत यायला लागलं : पॅन कार्डं, पासबुकांची पानं, सह्या. एका बाईंची औषधांची बिलं आली. करात सवलत मिळावी म्हणून त्यांनी ती ह्यांच्याकडे दिली होती. ज्या आजाराची कुणकुण त्यांनी शेजारणीलाही लागू दिली नव्हती, तो माझ्यासमोर पडद्यावर उघडा होता. मला दरदरून घाम फुटला. मी कबाडीवाल्याला परत पाठवलं.

त्या मुलाने मग नीट समजावलं. डिलीट केलं की फाइल जात नाही, फक्त तिची जागा 'रिकामी' अशी नोंदली जाते. वाड्याच्या दारावरची पाटी काढावी आणि बिऱ्हाड आतच असावं, तसं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं वाचता येतं. म्हणून साध्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा नवीन लिहून काढावं लागतं. पस्तीस वेळा लिहायला हवं असं कुणी सांगेल, पण ते १९९६ च्या एका निबंधातलं, तेव्हाच्या डिस्कसाठीचं. आताच्या डिस्कला एक पूर्ण फेरी पुरते. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कचं मात्र वेगळं. ती झिजू नये म्हणून मजकुराच्या जागा आतल्या आत बदलत राहते, त्यामुळे वरून लिहिलेलं सगळीकडे पोचेलच असं नाही. तिला कंपनीने दिलेली पुसण्याची आज्ञाच वापरायची.

पुसण्याआधी मी एक काम केलं. ह्यांच्या वहीत नावं होती, त्या प्रत्येकाचे कागद पेन ड्राइव्हवर घेऊन घरी नेऊन दिले. चौदा घरं झाली. आपले कागद अजून कुठेतरी आहेत, हे बहुतेकांच्या ध्यानातही नव्हतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आहे : काम संपलं आणि कायद्याने ठेवण्याची गरज नसली, की दुसऱ्याची माहिती पुसायची. आपली आई शेजारणीची वाटी परत करताना घासून, वर साखर घालून द्यायची. मला तेच आठवत होतं.

डिस्क पुसून झाल्यावरही माझं मन मानेना. मुलाने चांदणीच्या तोंडाच्या पेचकसाने ती उघडली. आत चकत्या होत्या, आरशाइतक्या लख्ख. त्यांत माझा चेहरा दिसला. चकत्यांना भोकं पाडली. (लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या बहुधा काचेच्या असतात, फुटून डोळ्यात जातील. त्या घरी उघडू नका.)

उरला डबा. कबाडीवाल्याचा माझ्या मनात राग नाही, तो पोटासाठीच फिरतो. पण त्याने नेलेला माल पुढे कुठे जाईल, कोण जाणे. इथून रेल्वेने पाच-सहा तासांवर मुरादाबाद आहे. पितळेच्या भांड्यांचं गाव. तिथे वर्षानुवर्षं देशभरातले सर्किट बोर्ड तांब्यासाठी जाळले गेले आणि काळी राख रामगंगेच्या काठी पडली. २०१७ मध्ये हरित लवादाने तिथे ई-कचरा टाकणाऱ्याला एक लाखाचा दंड ठरवला. त्या धुरात शिसं असतं, वायरींच्या प्लास्टिकमधून डायॉक्सिन निघतं, आणि ते जाळणाऱ्याच्या छातीत जातं. ह्यांचा कॉम्प्युटर कुणा पोराच्या हातून असा जळावा, हे मला सहन झालं नसतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत पुनर्चक्रण करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. मी तशा नोंदणीकृत ठिकाणी डबा दिला आणि पावती घेतली.

तुमच्या पुण्यात तर हे सोपं आहे. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, 'पूर्णम' ही संस्थाही आहे. त्यांच्याकडे चौकशी कर, आणि माल पुढे कुठे जातो तेही विचार. भावोजी इतकी वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. भाडेकरूंचे करार, आधारच्या प्रती, सगळं त्या डब्यात असणार. आधी त्यातले फोटो दोन ठिकाणी साठवून घ्या, सोसायटीचे कागद सोसायटीला द्या, मग पुसा. चालू स्थितीत असेल आणि एखाद्या मुलाच्या उपयोगी पडणार असेल, तर पुसून, लिनक्स घालून द्या.

डिस्कमधून दोन लोहचुंबक निघाले, छोटे पण जबरदस्त. त्यांतला एक माझ्या फ्रिजवर दुधाचा हिशेब धरून आहे. दुसरा ह्यांच्या त्या वहीतल्या यादीला लावलाय. चौदाही नावांपुढे खूण झाली आहे.

भावोजींना सा. न. सांग.

तुझी धाकटी